पान क्रमांक मात्र राहू द्या

आमच्या मासिकाचं ॲप म्हणजे खरं तर छापील अंकाचे फोटोच होते. प्रेसला पाठवायची पीडीएफ तशीच ॲपवर चढवली, की झाला डिजिटल अंक! दोन स्तंभांचं पान मोबाइलच्या पडद्यावर बसवल्यावर अक्षर तिळाएवढं होतं. मग वाचक दोन बोटांनी पान ताणणार, ओळीच्या टोकापर्यंत सरकवणार, परत मागे आणणार, आणि तेवढ्यात खालची ओळ हातची जाणार.

हे ॲप नव्यानं करायचं काम मी हर्सूलच्या घरी बसून केलं. संपादकांनी यादी दिली होती: उलटणारं पान, उलटताना कागदाचा आवाज, नवा लोगो. मी म्हटलं, "सर, आधी लोक वाचतात कसं ते बघू." ते फारसे खूश दिसले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

लोक शोधायला लांब जावं लागलं नाही. शेजारचे निवृत्त गुरुजी अंकाचे जुने वर्गणीदार. मोबाइल हातात देताच म्हणाले, "सरकवू सरकवू काय वाचायलो तेच ध्यानात राहत नाही रे." वरच्या मजल्यावरच्या काकूंची तऱ्हा वेगळी. आमच्या शहरात नळाला कित्येक दिवसांच्या अंतरानं पाणी येतं. हर्सूलला तर तलाव उशाला आणि कोरड घशाला. रात्री पाण्याची वाट बघत त्या कथा वाचतात. पाणी आलं की मोबाइल ठेवून मोटार लावायला पळायचं. परत येऊन बघावं तर ॲप मुखपृष्ठावर!

म्हणून सगळ्यात आधी वाचनाची जागा लक्षात ठेवायची सोय केली. जागा धरायची ती परिच्छेदाची, पानाची नव्हे. कारण अक्षर मोठं केलं की पडद्यावरची पानं वाढतात. त्यासाठी पीडीएफ सोडून ईपबकडे यावं लागलं. त्यात मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे नव्यानं ओळींत बसतो. वजनाचाही फरक मोठा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, तरी आख्ख्या अंकाचा मजकूर एक-दोन एमबीत मावतो. चित्रांसकटची पीडीएफ त्याच्या कितीतरी पट.

खरा घाम काढला जुन्या अंकांनी. ते यूनिकोडच्या आधीच्या डीटीपी फॉंटमध्ये जुळवलेले. तिथे पडद्यावर दिसतं मराठी, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. त्यामुळे ॲपमध्ये लेखकाचं नाव शोधलं तर काहीच सापडायचं नाही. रूपांतर करायला बसलो तर पहिली वेलांटी तिथे व्यंजनाच्या आधी, यूनिकोडमध्ये नंतर. रफाराचं नेमकं उलटं. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ झालेलं मुद्रितशोधकाच्या नजरेतून सुटत नाही, यंत्राच्या सुटतं. रूपांतराचे नियम मी लिहिले, तपासलं माणसांनीच.

२००९च्या शासन निर्णयानं मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श पुन्हा प्रमाण मानले. आमच्या ॲपमध्ये मात्र हिंदी वळणाचे दिसत होते. मजकुराची भाषा मराठी आहे, हे कोडमध्ये सांगितलेलंच नव्हतं. ते सांगितलं, आणि दोन्ही वळणं असलेला फॉंट निवडला, की फॉंट आपसूक मराठी अक्षर उचलतो. ओळींमधलं अंतरही वाढवलं. इंग्रजीच्या मापानं ठेवलेल्या ओळीत वरचे रफार आणि खालचे उकार एकमेकांच्या अंगावर येतात. दोन्ही कडा सरळ ठेवायचा हट्टही सोडला. ‘वाचनालयांमधल्यांसाठी’सारखे लांबलचक शब्द अरुंद ओळीत आले की मध्ये भगदाडं पडतात.

कवितेचा प्रश्न गुरुजींनीच काढला. अक्षर मोठं केल्यावर कवीची एक ओळ दोन ओळींत मोडते, मग ओळ कवीनं तोडली की मोबाइलनं? छापील पुस्तकातली जुनी रीत कामी आली: मोडलेला तुकडा थोडा आत सरकवून घ्यायचा. एवढी साधी गोष्ट, पण कवितेच्या मासिकांच्या ॲपमध्येही क्वचित दिसते.

संपादकांशी खरी जुंपली ती पान क्रमांकावरून. माझं म्हणणं, पानच उरलं नाही तर क्रमांक कशाला? ते म्हणाले, "अरे, लोक फोनवर एकमेकांना ‘पान ४२ बघ’ असं सांगतात. संशोधकाला संदर्भ द्यायचा तर तो काय परिच्छेद मोजत बसणार?" बिनतोड होतं. ईपबमध्ये छापील पानांची यादी जोडता येते. त्यानुसार प्रत्येक पान जिथे सुरू होतं तिथे समासात बारीक आकडा टाकला. उलटणारं पान आणि कागदाचा आवाज मात्र त्यांनी स्वतःहूनच सोडून दिला.

गुरुजी आता डोळ्यांना ताण नको म्हणून लेख फोनकडूनच वाचून घेतात. पानाच्या नुसत्या फोटोपुढे वाचक-आवाज मुका असतो, खऱ्या मजकुरावर चालतो. उच्चार अधूनमधून विनोदी होतात, त्याची ते मला शिक्षकी थाटात नोंद देतात.

सुटला नाही तो जाहिरातींचा गुंता. दिवाळी अंक उभा राहतो जाहिरातींवर. पतसंस्थेनं पूर्ण पानाचे पैसे मोजलेले, आणि ॲपमध्ये तर पूर्ण पान नावाची वस्तूच नाही. दोन लेखांच्या मध्ये टाकली तर वाचक बोटाच्या एका फटक्यात पुढे जातो. लेखाच्या मध्येच टाकायला मी तयार नाही. सध्या ती लेख संपल्यावर येते. जाहिरातदाराला हे कसं पटवायचं, ते संपादकांनी माझ्यावर सोपवलंय.