चेंडू रेषेवर पडला होता

"किती समजूतदार आहे हो तुमची मुलगी!" त्या दिवशी जो तो येऊन हेच सांगत होता. ते कौतुक मला अजून टोचतं.

आपल्या छत्रपती संभाजीनगरात मे महिन्यात सकाळी नऊलाच हार्ड कोर्ट तापतं. १४ वर्षांखालच्या मुलींचा टेनिसचा सामना. अशा सामन्यांना बहुतेकदा खुर्चीवर पंच नसतो. चेंडू ज्याच्या बाजूला पडेल त्यानेच आत की बाहेर ते सांगायचं, आणि शंका असेल तर गुण समोरच्याला द्यायचा. एकेक सेट झालेला, १० गुणांचा टायब्रेकर ८-८ वर. लेकीचा फोरहँड मागच्या रेषेवर पडला. मी त्या रेषेच्या सरळ ओळीत, कुंपणाबाहेर उभी होते. चेंडू रेषेवरच होता. समोरून आवाज आला, "आउट!"

लेकीने विचारलं, "नक्की?" उत्तर आलं, "हो." तिने हात वर करून रेफरींना बोलावलं. ते दोन कोर्ट पलीकडून आले. त्यांनी चेंडू पाहिलाच नव्हता, त्यामुळे निर्णय कायम राहिला. मातीचं कोर्ट असतं तर ठसा दाखवता आला असता. पालकांनी मध्ये बोलायचं नसतं, म्हणून मी गप्प. समोरच्या मुलीचे वडील माझ्या शेजारीच होते. त्यांना तो चेंडू दिसला नसेल, हे मला पटत नाही. सामना संपल्यावर तरी ते मुलीला काही विचारतील असं वाटलं. त्यांनी तिची पाठ थोपटली. त्या पोरीवर माझा राग नाही, त्या वयात हरण्याची भीती मोठी असते. पाठ थोपटणाऱ्या हातावर आहे.

पुढच्याच गुणाला लेकीचा डबल फॉल्ट झाला. रॅकेट वर गेली. आपटणार असं वाटेपर्यंत तिने ती खाली घेतली आणि जाळीपाशी जाऊन हात मिळवला.

दोन गुणांमध्ये २५ सेकंद मिळतात. तेवढ्यात पाठ फिरव, तारा सरळ कर, श्वास सोड, हे मीच तिला शिकवलंय. पुढेही शिकवेन. पण त्या संध्याकाळी मला वाटत होतं, एकदा ओरडली असती तर बरं झालं असतं.

मोठ्या खेळाडूंच्या प्रामाणिकपणाच्या दोन गोष्टी मला आठवतात. १९८२ च्या फ्रेंच ओपनच्या उपांत्य फेरीत मॅच पॉइंटवर क्लेर्कचा चेंडू बाहेर ठरला. १७ वर्षांच्या विलँडरने तो आत होता म्हणून गुण पुन्हा खेळायला लावला, आणि पुढे स्पर्धाही जिंकली. २००५ मध्ये रोमला रॉडिकनेही मॅच पॉइंटवर वर्दास्कोची सर्व्हिस आत असल्याचं स्वतःहून सांगितलं. रॉडिक तो सामना हरला. मुलांना या दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात, नुसती पहिली नको.

आणि हरलेल्या मुलीला "समजूतदार" म्हणणाऱ्या मोठ्यांनी आधी एवढं तरी म्हणावं, की चेंडू आत होता.