सौंसरचा तान्हा पोळा आणि मुलांचा खाऊ

नागपूरहून छिंदवाड्याच्या वाटेला लागले, की सावनेर मागे पडल्यावर राज्याची सीमा ओलांडली जाते आणि पुढे सौंसर येते. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, आणि त्याबरोबर सौंसरही. 2023 मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा होऊन हा तालुका त्यात आला. कागदोपत्री हे फेरफार झाले. घरांतील मराठी, संत्र्यांचे बगीचे आणि सणवार मात्र जेथल्या तेथे आहेत.

आम्ही गेलो ते पोळ्याला. त्या सुमारास आंबिया बहाराची संत्री झाडांवर हिरवीच असतात. अमावास्येला बैलांची पूजा होऊन त्यांना पुरणपोळी भरवली, की दुसरा दिवस मुलांचा. पांढुर्ण्यास त्याच दिवशी जाम नदीवर गोटमार होते. तिची वर्णने वृत्तपत्रांत पुष्कळ येतात. तान्ह्या पोळ्याकडे मात्र कोणी फारसे पाहत नाही. चाकांवरचे लाकडी बैल सजवून, दोरीने ओढीत मुले दारोदार जातात. घरोघरी बैलाला ओवाळतात आणि मुलांच्या हाती बोजाऱ्याचे पैसे व खाऊ ठेवतात. पूर्वी हा खाऊ घरचा असे. आता झोळीत चॉकलेटांची पाकिटेच अधिक दिसतात, आणि ते आम्हांस खटकले.

आम्ही उतरलो होतो त्या घरी भोपाळहून माहेरी आलेली लेक आणि तिचा सात वर्षांचा मुलगा होता. तिच्या घरी गोडाचा डबा कपाटात, कुलपात. येथे मुलगा झोळी घेऊन परतला तो थेट कोठीघरात, आणि दाराआड पाठ करून भराभर खाऊ लागला. आई रागावली. आजी काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी सर्वांच्या ताटांत भाकरी, भाजी आणि एकेक लाडू एकदमच वाढला. नातवाने आधी लाडू उचलला तेव्हा लेक म्हणाली, "आई, आधी भाजी संपवू दे की."

"खाऊ दे ना वं, पोट त्याचं आहे," आजी म्हणाल्या. दुपारी त्याने पुन्हा मागितले, तेव्हा "रात्री जेवताना वाढीन" एवढेच उत्तर मिळाले, न चिडता.

हे केवळ आजीचे लाड नव्हेत. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ हेच सांगत आल्या आहेत: काय, केव्हा आणि कोठे वाढायचे ते मोठ्यांनी ठरवावे, किती खायचे ते मुलाने. लीन बर्च व जेनिफर फिशर यांच्या 1999 मधील प्रयोगांतही, समोर दिसणारा परंतु मनाई केलेला खाऊ मुलांना अधिकच हवासा होतो, असे आढळले. 'भाजी संपव, मग लाडू' या सौद्यात भाजी शिक्षा ठरते आणि लाडू बक्षीस; आमच्या मते घराघरांतील हा सर्वांत महागडा सौदा होय.

म्हणून मोजमाप नकोच, असे नव्हे. वरून घातलेली साखर, मध आणि फळांचा रस यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दशांशाहून कमी असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितले. सोलून खाल्लेले संत्रे मात्र त्या हिशेबात येत नाही. सौंसरकरांना ही सवलत मोठीच! दातांना तर किती खाल्ले याइतकेच कितीदा खाल्ले हेही महत्त्वाचे. दिवसभर चघळलेल्या चॉकलेटापेक्षा जेवणातला लाडू बरा.

तिसऱ्या रात्री त्या मुलाच्या ताटात अर्धा लाडू उरला. आजींनी तो मुकाट्याने उचलून झाकून ठेवला. आईने मात्र तीनदा त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. सकाळी निघताना त्याचा खिसा फुगलेला होता. आत बत्तासे होते, आणि त्यांतला एक त्याने आम्हांस दिला.