खालांच्या गावाला नेलेली भाड्याची गाडी

भाड्याची मोटार आता आपल्या घरांत नवलाची राहिलेली नाही. लग्नकार्य असो, दवाखाना असो की ईदची भेटगाठ, लोक फोनवरून गाडी ठरवतात, दोन-तीन दिवस स्वतः चालवतात आणि परत करतात. परत केली की कंपनीचा निरोप येतो : अनुभव कसा वाटला, पाचपैकी किती तारे द्याल? आम्हा नवरा-बायकोलाही तो आला आणि आम्ही दोन तारे दिले. पण दोन ताऱ्यांवरून दुसऱ्या कुटुंबाला काय कळणार? गाडी कुठल्या रस्त्यावर कशी वागली, हे कळले तर उपयोग. म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

काम असे होते. अम्मींच्या थोरल्या बहीण, आमच्या खाला, गडचिरोली जिल्ह्यात अहेरीला राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. हिवाळ्यात अंगणात पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. चंद्रपुरात ऑपरेशन झाले. एप्रिलमध्ये त्यांना तपासणीसाठी नागपूरला आमच्याकडे आणायचे ठरले. पाय लांब करून, पाठ रेलून बसता येईल अशी गाडी हवी होती, म्हणून सात आसनी ठरवली. रमजान ईद नुकतीच झाली होती. ईदची भेटही होईल म्हणून अम्मी आणि दोन्ही मुले सोबत निघाली.

गाडी ठरवताना आम्ही फोनवर तीन गोष्टी स्पष्ट सांगितल्या होत्या. जायचे अहेरीला आहे, येताना रुग्ण आहे, एसी आणि मधल्या रांगेची सीट चांगली हवी. पलीकडून तिन्हींना "हो" आले. तीन दिवसांचे ११,५०० रुपये आणि ५,००० रुपये अनामत.

गाडी आली तेव्हा पाटी पाहिली. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे होती. स्वतः चालवायला भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाडीची हीच खूण. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे चालकासह टॅक्सी. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी; ती भाड्याने देणे परवान्याच्या नियमात बसत नाही आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडकू शकतो. आमच्या गाडीचे कागद ठीक होते. मात्र जाहिरातीत "जवळजवळ नवी" म्हटलेली गाडी १,३८,००० किलोमीटर धावलेली निघाली. चारी बाजूंनी फोटो काढले, स्टेपनी दाबून पाहिली, सीट मागे-पुढे करून पाहिली, एसी लावून पाहिला. पहाटे सहाला नागपुरात सगळे बरोबर होते.

चंद्रपूरपर्यंतच्या दीडशे किलोमीटरबद्दल आमची तक्रार नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. बुटीबोरी, जांब, वरोरा, भद्रावती हा रस्ता मोठा आणि सरळ. इंजिन दमदार होते, ब्रेक चांगले लागत होते, ऐंशीच्या वेगाला गाडी स्थिर होती. तिथूनच परतलो असतो तर चार तारे दिले असते.

ऊन चढले तसे एकेक उघड होऊ लागले. बल्लारपूर सोडेपर्यंत दहा वाजले होते. एप्रिलात चंद्रपूरच्या उन्हाची ख्याती सर्वांना माहीत आहे. पुढच्या दोन झडपांतून थोडा गारवा येत होता, मागे मात्र नुसती गरम हवा. अम्मींनी ओला रुमाल डोक्यावर घेतला. बल्लारपूरची कागद गिरणी आणि सागाच्या लाकडाचे ढीग मागे पडले आणि गोंडपिपरीकडचा रस्ता लागला. इथे दुसरा दोष कळला. मधल्या सीटची पाठ जिथे अडकते ती खाच झिजलेली होती. मोठा खड्डा आला की पाठ धाडकन मागे पडायची. अम्मी एकदा दचकल्या आणि म्हणाल्या, "मी सावरले, पण आपाला इथे बसवणार कसे?"

आष्टीजवळ वैनगंगेचा पूल लागतो. नदीपलीकडे गडचिरोली जिल्हा. जवळच चपराळ्याला वैनगंगेला वर्धा मिळते आणि पुढे ती प्राणहिता म्हणून वाहते. मुलांना पुलावरून पात्र दाखवले. आष्टीहून आलापल्लीकडे वळलो तसा रस्त्याचा रंग बदलला. एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक या भागात रात्रंदिवस धावतात. डांबराच्या कडा तुटलेल्या, धूळ लाल. समोरून ट्रक आला की छोट्या गाडीला कडेवर उतरावे लागते. अशाच एका तुटलेल्या कडेने मागच्या टायरची बाजू कापली.

स्टेपनी काढली तर तिच्यात हवा नाही! सकाळी होती. वाल्व हळूहळू गळत होता, अडीचशे किलोमीटरमध्ये ती बसली. फोनला तिथे रेंज नव्हती. एका दुचाकीवाल्या तरुणाने गाडी थांबवून विचारले, "कुठं चालले जी? अहेरी का?" आमच्यापैकी एक जण त्याच्या मागे स्टेपनी घेऊन आष्टीला परत गेला. बाकीच्यांना शेजारच्या घरातल्या बाईंनी ओसरीत बोलावले. सागाला त्या दिवसांत पाने नसतात, रस्त्यावर सावली कुठली? अंगणात मोहफुले वाळत घातली होती. बाईंनी अम्मींसाठी बाज टाकली, मुलांना माठातले पाणी दिले. त्यांची मराठी गोंडीमिश्रित, अम्मींची हिंदीमिश्रित, तरी दोघींची गुडघेदुखीवर तासभर चर्चा चालली. निघताना पैसे पुढे केले तर त्यांनी हात मागे घेतला. दुचाकीवाल्या भाऊने पेट्रोलपुरते घेतले, तेही आग्रह केल्यावर.

आष्टीत रेंज होती. पंक्चरवाला वाल्व बदलत असताना कंपनीला फोन लावला. मदतीला दुसरी गाडी पाठवता येईल का, एवढेच विचारायचे होते. उत्तर आले, "सर, गाडी हायवेसाठी असते. तुम्ही गडचिरोलीत नेलीच कशाला?"

अहेरीला जायचे आहे हे आम्ही आधीच सांगितले होते, त्याचा निरोप फोनमध्ये जपलेला होता. पण राग त्याचा नाही. राग त्या "नेलीच कशाला"चा आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा चाळीस वर्षांनंतरही बाहेरच्यांना शिक्षेच्या बदलीचा आणि भीतीच्या बातम्यांचा मुलूख वाटतो. ज्या रस्त्यावर आम्ही एक दुपार काढली, त्याच रस्त्याने अहेरी-आलापल्लीचे अवघड रुग्ण चंद्रपूरला किंवा गडचिरोलीला नेले जातात. पलीकडे भामरागड आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की त्याचा संपर्क तुटतो. हेमलकशाला १९७३ पासून लोकबिरादरीचा दवाखाना चालतो, तिथे माणसे मैलोन् मैल चालत येत. अशा मुलखात गाडी ही चैन नव्हे. तिथल्या माणसाने "तिकडे कशाला" हे किती वेळा ऐकायचे?

संध्याकाळी खालांच्या घरी पोहोचलो. चहा झाल्यावर सगळ्यांनी मिळून विचार केला. मागे एसी नाही, सीटची पाठ भरवशाची नाही, जादा टायर एकही शिल्लक नाही. तीन महिन्यांपूर्वी खुब्याचे ऑपरेशन झालेल्या बाईंना या गाडीत बसवायचे नाही, यावर मतभेद झाला नाही. खाला म्हणाल्या, "मग मी येतच नाही, पुढच्या महिन्यात पाहू." पण डॉक्टरांची तारीख मिळालेली होती, आणि मे महिना एप्रिलपेक्षा कडक.

तोडगा खालांच्या शेजारणीने काढला. तिच्या ओळखीचा एक टॅक्सीवाला आठवड्यातून दोनदा रुग्ण घेऊन चंद्रपूर-नागपूर करतो. त्याची गाडी आमच्या गाडीहून जुनी, रंग उडालेला. पण त्याने काय केले पाहा. रात्री येऊन आधी खालांना पाहिले, कुठला पाय, किती वाकतो ते विचारले. मधल्या सीटवर गादी आणि दोन लोड बांधले. दोन स्टेपन्या घेतल्या. "उन्हाच्या आत पोहोचवतो, चार वाजता निघू," म्हणाला. खड्डा कुठे आहे ते त्याला अंधारातही ठाऊक होते. भाडे ७,५०० रुपये. सकाळी साडेदहाला खाला आणि अम्मी आमच्या नागपूरच्या घरी होत्या. आम्ही आणि मुले ती रिकामी गाडी घेऊन चामोर्शी, गडचिरोली, आरमोरी, उमरेड अशा रस्त्याने मागून आलो.

कंपनीने टायरपोटी पूर्ण अनामत कापून घेतली. आम्ही फोटो, फोनमधला निरोप आणि पंक्चरवाल्याची पावती जोडून लेखी तक्रार दिली, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद केली. दहा दिवसांत अनामत परत आली. एसीबद्दल भाड्यात काही सूट मिळाली नाही. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची असते आणि लहान रकमेच्या दाव्याला शुल्क नाही. जायचे की नाही, ते अजून ठरवलेले नाही.

ज्या घरांना असा प्रवास करायचा असेल त्यांच्यासाठी चार शब्द. जायचे ठिकाण आणि रुग्णाची गरज फोनवर सांगून थांबू नका. लिहून पाठवा आणि "हो" लिहून मागा. एसी सकाळच्या गारव्यात नव्हे, दुपारी गाडी उन्हात उभी करून, मागच्या सीटवर बसून तपासा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात : पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२० म्हणजे २०२० सालचा तेविसावा आठवडा. स्टेपनीवरचेही वाचा. तिची हवा निघताना आणि अर्ध्या वाटेवर, अशी दोनदा मोजून घ्या. १०८ रुग्णवाहिकेचा आणि ११२ आपत्कालीन मदतीचा क्रमांक मुलांनाही पाठ असू द्या.

आणि जंगल जिल्ह्यातून रुग्ण आणायचा असेल, तर गाडी निघण्याच्या शहरातून नव्हे, रुग्णाच्या गावातून ठरवा. शहरातली कंपनी गाडी भाड्याने देते. गावातल्या टॅक्सीवाल्याला उद्या त्याच गल्लीतून जायचे असते, तो माणूस पोहोचवतो. पुढची तपासणी जुलैत आहे. पावसाचे दिवस असतील, म्हणून खालांनी त्याला आताच सांगून ठेवले आहे.