अज्ञानांची मुदत

मराठी दस्तऐवजांत एक शब्द वारंवार येतो. अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीस आपले कागदपत्र 'अज्ञान' म्हणतात. अठरावे वर्ष पुरे झाले की तीच व्यक्ती एका रात्रीत 'सज्ञान' होते. मध्यंतरी तिला कोणते ज्ञान प्राप्त झाले, हे विचारण्याचा अधिकार कोणासच नाही. अज्ञानाच्या नावापुढे 'तर्फे अ. पा. क.' असे लिहून बापाचे, आईचे किंवा काकाचे नाव घालावयाचे, अशी आमची पद्धत. अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. ही तीन अक्षरे मी आजवर शेकडो वेळा लिहिली असतील; आणि लिहिताना पुष्कळदा मनात येऊन गेले आहे की, ज्याच्या नावावर मालमत्ता आहे त्याला अज्ञान ठरविणे सोपे; पण त्या मालमत्तेचे काय करावयाचे हे ज्याने ठरवावयाचे, त्याच्या ज्ञानाची परीक्षा मात्र कोणी घेत नाही.

असे असले तरी अज्ञानांच्या बाबतीत कायदा मनाचा कठोर नाही. १९६३ चा मुदतीचा कायदा आम्हां वकिलांच्या मानेवर सदैव बसलेला असतो. दावा कितीही खरा असो, मुदत टळली की तो दाराबाहेर. परंतु याच कायद्याचे सहावे कलम अज्ञानापुरते घड्याळ थांबवून ठेवते. दावा लावण्याचा हक्क ज्याला उत्पन्न झाला तो त्या वेळी अज्ञान असेल, तर त्याची मुदत तो सज्ञान झाल्यावर सुरू होते. मोठ्यांच्या हयगयीपायी लहानाचा हक्क बुडू नये, एवढाच यातला हेतू. कायद्याच्या रूक्ष पानांत अशी मायेची जागा सापडली की बरे वाटते.

पण अज्ञानांचेच एक क्षेत्र असे आहे की, तेथे हा न्याय नेमका उलटा चालतो. तेथे मूल लहान आहे तोवरच त्याचा हक्क. ते मोठे झाले की हक्क संपला. तेथे घड्याळ कोणासाठी थांबत नाही आणि विलंबमाफीचा अर्ज घेणारे कोर्टही नाही. सतरा वर्षांखालील मुलींची जागतिक फुटबॉल स्पर्धा हे ते क्षेत्र. ११ ते ३० ऑक्टोबर २०२२ या दिवसांत ही स्पर्धा आपल्या देशात झाली. सोळा देशांचे संघ आले. भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई या तीन ठिकाणी मिळून ३२ सामने झाले. १ जानेवारी २००५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलींसच तीत खेळता येत होते. ३१ डिसेंबर २००४ ला जन्मलेली मुलगी कितीही गुणी असली, तरी तिला दार बंद.

वास्तविक ही स्पर्धा भारतात व्हावयाची होती ती २०२० च्या नोव्हेंबरात. तेव्हा २००३ पासून पुढे जन्मलेल्या मुलींचा तीवर हक्क होता. करोनाच्या साथीमुळे ती २०२१ च्या फेब्रुवारी-मार्चवर गेली, आणि पुढे २०२० च्या नोव्हेंबरातच ती अजिबात रद्द करून २०२२ ची स्पर्धा भारतास देण्यात आली. यजमानाची त्यात काही हानी झाली नाही. यजमानपद कायम राहिले, मैदाने राहिली, कार्यालये राहिली. बुडाली ती २००३ व २००४ साली जन्मलेल्या मुलींची पाळी. कोर्टाच्या भाषेत सांगावयाचे तर काम तहकूब झाले, तारीख पडली, आणि पुढच्या तारखेला मूळ पक्षकारच अपात्र ठरला. महामारीपुढे कोणाचा इलाज नव्हता, हे खरे. पण इलाज नसल्याने नुकसान कमी होते असे नाही.

मडगावात आमच्या शेजारी अशी एक मुलगी आहे. जन्मसाल २००३. शाळेच्या संघातून खेळलेली; देशाच्या संघात निवड होईल असे स्वप्न तिने कधी बोलून दाखविले नाही, आणि तसे ते असेलसे वाटतही नाही. तरी फातोर्ड्यास उपान्त्य सामने पाहावयास मी निघालो तेव्हा ती व तिची धाकटी बहीण माझ्याबरोबर आल्या. संघ मैदानात येऊ लागले. ती काही वेळ निरखून पाहत राहिली आणि म्हणाली, "काका, ह्यो सगळ्यो म्हजेपरस ल्हान." त्या उद्गारात तक्रार नव्हती. ती तेव्हा महाविद्यालयात वाणिज्य शिकत होती आणि हिशेब तिला कळत होता. पण एकोणिसाव्या वर्षी एखाद्या गोष्टीस आपले वय उलटून गेले आहे असे माणसास वाटावे, हे मला विलक्षण वाटले.

२०२० सालचा घाला दैवाचा होता. २०२२ साली मात्र जे घडू पाहत होते ते शुद्ध मोठ्या माणसांचे कर्तृत्व. भारतीय फुटबॉल महासंघाच्या घटनेचा वाद २०१७ पासून न्यायालयांत होता. अध्यक्षांच्या तीन कारकीर्दी डिसेंबर २०२० मध्ये पुऱ्या झाल्या होत्या, तरी निवडणूक झाली नव्हती आणि जुनीच मंडळी कारभार पाहत होती. १८ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कारभार त्यांच्याकडून काढून तिघा प्रशासकांच्या समितीकडे दिला. याच समितीच्या काळात, जुलै महिन्यात, मुलींच्या संघाच्या परदेश दौऱ्यात गैरवर्तन केल्याच्या आरोपावरून एका सहप्रशिक्षकास दूर करण्यात आले, हेही येथे नमूद केले पाहिजे. ऑगस्टच्या मध्यास 'फिफा' या जागतिक संघटनेने, महासंघात बाहेरच्यांचा अवाजवी हस्तक्षेप होत आहे असे कारण देऊन, भारतीय महासंघास निलंबित केले. ठरल्याप्रमाणे मुलींची स्पर्धा आता भारतात होऊ शकत नाही, हेही त्याच निवेदनात होते.

यातील प्रत्येक पक्षाची बाजू मांडावयास मला सांगितले, तर मी ती मांडू शकेन. मुदत संपलेल्यांनी खुर्ची सोडली पाहिजे हे न्यायालयाचे म्हणणे रास्त. खेळाच्या संघटनेचा कारभार तिच्या सभासदांनी निवडलेल्यांनीच पाहावा, हा फिफाचा नियमही निराधार नव्हे. पण या साऱ्या कागदांत एक विसंगती माझ्या डोळ्यांत सलत राहिली. पदाधिकाऱ्यांची मुदत संपून जवळजवळ दीड वर्ष लोटले, तरी ती निभावून जात होती. आणि मुलींची मुदत मात्र एका दिवसानेही वाढण्यासारखी नव्हती. निलंबनाचा पहिला तडाखाही बायकांनाच बसला. गोकुलम केरळ या संघाच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या होत्या. त्या वादात त्या पक्षकार नव्हत्या की साक्षीदार नव्हत्या. तरी न खेळता त्यांना परतावे लागले.

या मासिकाच्या वाचकांस असला प्रसंग अगदीच अपरिचित नसेल. आपल्या देवस्थानांतून महाजनांचे, विश्वस्तांचे, पुजाऱ्यांचे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. कोर्टातील ते गठ्ठे उचलावयास दोन माणसे लागतात. तथापि या वादांतही एक मर्यादा आपण बहुधा पाळतो. दावा चालू असो वा अपील, नित्य पूजा चुकत नाही आणि पालखी ठरल्या तिथीस निघते. कारण तिथी वादींची नव्हे आणि प्रतिवादींचीही नव्हे. ती देवाची आहे. कायद्यानेही देवतेची गणना अज्ञानासारखीच केली आहे: मालमत्ता तिची, कारभार दुसऱ्याचा. १९६७ सालच्या राधाबल्लभजींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले की, सांभाळणाराच देवतेच्या हिताविरुद्ध वागू लागला, तर साध्या भक्तासही तिच्यातर्फे दावा लावता येतो. पालनकर्ता म्हणजे मालक नव्हे, हा त्यातला विचार. देवाच्या बाबतीत तो आपल्या अंगवळणी पडला आहे. मुलांच्या बाबतीत अजून पडावयाचा आहे.

सुदैवाने या प्रकरणी शेवटी तिथी चुकली नाही. हीच स्पर्धा डोळ्यांपुढे ठेवून २२ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपण नेमलेल्या समितीचा कारभार संपुष्टात आणला. आपलाच आदेश आवरता घेण्यात न्यायालयाने कमीपणा मानला नाही, ही गोष्ट एक वकील म्हणून मला मोलाची वाटते. २६ ऑगस्टला निलंबन उठले; २ सप्टेंबरला महासंघाची निवडणूक झाली. पहिला चेंडू उडण्यास तेव्हा सहा आठवडेही उरले नव्हते.

भुवनेश्वरच्या कलिंग मैदानावर आपल्या मुली प्रथमच या स्पर्धेत उतरल्या. त्यांची कर्णधार अस्तम उराँव ही झारखंडच्या गुमला जिल्ह्यातील. तिच्या गावी तिच्या घराकडे जाणारा रस्ता तयार होत होता आणि त्या कामावर तिचेच आईवडील मजुरी करीत होते, असे वृत्तपत्रांनी त्या दिवसांत छापले. अमेरिकेने आपल्यावर आठ गोल केले, मोरोक्कोने तीन, ब्राझीलने पाच. आपला एकही झाला नाही. 'एवढा खटाटोप करून काय मिळविले?' असे आमच्या बार रूममध्ये एका वयस्क स्नेह्यांनी मला विचारले. मी त्यांना २०१७ ची आठवण दिली. त्या साली मुलांची अशीच जागतिक स्पर्धा आपल्याकडे झाली, काही सामने याच फातोर्ड्यास झाले. आपले मुलगे तिन्ही सामने हरले आणि तिन्हींत मिळून एक गोल त्यांनी केला. त्या एका गोलाचे आपण केवढे कौतुक केले! मुलांनी फुटबॉल खेळून काय मिळविले, असे तेव्हा कोणी विचारल्याचे मला स्मरत नाही.

फातोर्ड्याचे दोन्ही उपान्त्य सामने २६ ऑक्टोबरला झाले. तो दिवाळीचा पाडवा होता. आदल्या दिवशी खंडग्रास सूर्यग्रहण होऊन गेलेले. घरोघरी ग्रहणाचे नेमधर्म पाळून आणि देवळांची दारे पुन्हा उघडून लोक सणाला लागलेले. नायजेरिया आणि कोलंबिया यांच्या सामन्यात नव्वद मिनिटांत कोणाचाच गोल झाला नाही. पाच-पाच पेनल्टी झाल्या तरी निकाल लागेना. शेवटी सहास पाच असा कोलंबियाचा विजय झाला. शेवटच्या फटक्यांच्या वेळी एकेक मुलगी मध्यरेषेपासून चेंडूकडे एकटी चालत जाई. ते अंतर मोठे नव्हे. पण तेवढ्या वाटेत तिच्याबरोबर ना प्रशिक्षक, ना महासंघ, ना बाप, ना वकील. काय करावयाचे ते तिने एकटीने ठरवावयाचे आणि त्याचे फळ एकटीने घ्यावयाचे. या मुलींना आमचे कागद अज्ञान म्हणतात, हे त्या क्षणी मला फार चमत्कारिक वाटले.

कोलंबियाच्या संघात लिंडा कैसेदो नावाची खेळाडू होती. पंधराव्या वर्षी तिला कर्करोगाने गाठले होते. त्यातून ती उठली, पुन्हा मैदानावर आली, आणि २००५ च्या फेब्रुवारीतील तिचा जन्म असल्यामुळे सतराव्या वर्षी तिला ही स्पर्धा लाभली. जन्म दोन महिने आधी झाला असता, तर दुखणे जिंकूनही ती या मुदतीबाहेर पडली असती. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत अंतिम सामना झाला. कोलंबियाच्याच एका खेळाडूकडून चेंडू स्वतःच्या गोलात गेला आणि स्पेनने तो सामना एका गोलाने जिंकला. २०१८ सालीही हे पद स्पेनकडेच होते. मधल्या चार वर्षांत ते कोणी जिंकावयास जागाच नव्हती.

पुढे या व्यवस्थेत एक चांगली सुधारणा झाली. पूर्वी ही स्पर्धा दोन वर्षांनी येई. २०२५ पासून ती दरवर्षी होऊ लागली, संघही सोळांचे चोवीस झाले. २०२५ ते २०२९ अशी पाच वर्षे यजमानपद मोरोक्कोकडे दिले आहे. २०२२ साली आपल्याप्रमाणेच प्रथम उतरलेला हा देश. एक वर्ष हुकलेल्या मुलीस आता दुसरे वर्ष मिळण्याचा संभव आहे. म्हणजे उशिरा का होईना, येथेही थोडी विलंबमाफी आली. आणि २०२५ च्या ऑक्टोबरात आपल्या सतरा वर्षांखालील मुलींनी २०२६ च्या आशियाई स्पर्धेतील जागा पात्रता फेरीत खेळून मिळविली. २०२२ साली यजमान म्हणून पान मांडले गेले होते. या वेळी ते त्यांनी स्वतःच्या पायांनी मिळविले.

जागतिक स्पर्धा फार थोड्यांच्या वाट्यास येते. परंतु संध्याकाळी तासभर खेळावयास जाऊ का, हा प्रश्न घरोघरीच्या मुली विचारतात, आणि तेथे पालनकर्ते आपणच असतो. परीक्षा होऊ दे, पाऊस सरू दे, लग्नसराई आटपू दे, अशा आपल्या तहकुबी ठरलेल्या. देवळापुढच्या मोकळ्या जागेत मुलगे खेळत असतात आणि त्यांना अशी सबब कोणी सांगत नाही. मुलीस 'पुढच्या वर्षी पाहू' असे म्हणण्यापूर्वी तिचे जन्मसाल आपण एकदा आठवून पाहावे.