शब्दामागे दोन रुपये, अधिक जीएसटी

सेवा पुरवणाऱ्या व्यावसायिकाची आर्थिक वर्षातील एकूण उलाढाल 20 लाख रुपयांच्या पुढे गेली की महाराष्ट्रात त्याला वस्तू व सेवा कराची, म्हणजेच जीएसटीची, नोंदणी घ्यावी लागते. अर्जाचे काम सीए उरकून देतो. कालपर्यंत सांगितलेल्या दराचे आता काय करायचे, हे मात्र ज्याचे त्यालाच ठरवावे लागते. प्रस्तुत लेखकाच्या पुण्यातील भाषांतराच्या लहानशा व्यवसायावर ही वेळ आली, तेव्हा दरपत्रकाखाली ‘जीएसटी वेगळा’ अशी ओळ छापल्याने प्रश्न मिटत नाही, हे लवकरच ध्यानात आले.

भाषांतरावर 18 टक्के कर आहे. 1,000 रुपयांच्या कामावर तो वेगळा लावला तर ग्राहकाला 1,180 रुपये मोजावे लागतात. उलट 1,000 रुपयांतच तो सामावला तर कराची रक्कम 152 रुपये 54 पैसे होते, कारण ती 1,000 चे अठरा टक्के म्हणून नव्हे, तर 118 भागांपैकी 18 भाग म्हणून काढली जाते, आणि व्यावसायिकाच्या हाती 847 रुपये 46 पैसे उरतात. यावर सहसा उत्तर दिले जाते ते ‘इनपुट टॅक्स क्रेडिट’चे, म्हणजे व्यवसायासाठी केलेल्या खरेदीवर भरलेला कर आपल्या देय करातून वजा करून घेण्याच्या सवलतीचे. परंतु भाषांतरात मुख्य खर्च माणसांच्या श्रमाचा असतो, आणि ज्या सहकाऱ्यांना काम वाटून दिले जाते ते स्वतः नोंदणीकृत नसल्याने त्यांच्या बिलांवर मुळात करच नसतो. संगणक, इंटरनेट आणि असलेच तर कार्यालयाचे भाडे, एवढ्यावर मिळणारी वजावट किरकोळ ठरते. दुकानदाराला दिलासा देणारी ही तरतूद बुद्धीवर आणि हातावर चालणाऱ्या धंद्याला फारशी उपयोगी पडत नाही.

म्हणून दराचा विचार ग्राहकापासून सुरू करावा लागला. कंपन्यांचे हिशेब विभाग अठरा टक्क्यांबद्दल चकार शब्द काढत नाहीत, कारण तो कर त्यांना वजा करून मिळतो. उलट नोंदणी क्रमांक आल्यावर पक्के बिल मिळू लागल्याचे त्यांना समाधानच वाटले. प्रकाशकांची स्थिती याच्या नेमकी उलटी होती. छापील पुस्तकांवर जीएसटी नसल्यामुळे पुस्तके विकणाऱ्या प्रकाशकाला भाषांतरावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही आणि ती रक्कम सरळ पुस्तकाच्या खर्चात जाते. मराठी पुस्तकांच्या आवृत्त्यांचे आकडे पाहता ही तक्रार खोटी म्हणता येत नाही. तिसरा वर्ग परदेशी निघालेल्या मुलांच्या पालकांचा, जे जन्मदाखला, खरेदीखत किंवा सातबारा घेऊन येतात, आणि कराचे नाव निघताच ‘बिल नको, तेवढे कमी करा’ असे सुचवतात. नोंदणीनंतर ही सूचना मानणे म्हणजे करचुकवेगिरीच होय.

‘कंपोझिशन’ योजनेचाही विचार झाला. 50 लाखांपर्यंतच्या सेवा व्यावसायिकाने उलाढालीवर 6 टक्के भरावेत, ग्राहकाकडून कर घेऊ नये आणि वजावटही मागू नये, असे तिचे स्वरूप आहे. केवळ स्थानिक, घरगुती ग्राहक असलेल्या शिकवणीचालकाला ती सोयीची ठरू शकते. पण तिच्यात परराज्यात सेवा देता येत नाही, आणि बंगळूरुच्या एका ग्राहकाची कामे चालू असल्याने तो मार्ग बंद होता. सलूनचालकांची गोष्ट निराळी आहे. त्यांचा दर 22 सप्टेंबर 2025 पासून 18 वरून 5 टक्क्यांवर आला, मात्र वजावटही गेली.

खरी अडचण मर्यादेच्या काठावर असते. 20 लाखांच्या जरा आत थांबणाऱ्याला सगळी रक्कम स्वतःची ठेवता येते, तर 21 लाख करसमावेशक दराने मिळवणाऱ्याकडे पुढील संपूर्ण वर्षात सुमारे 17 लाख 80 हजारच राहतात. जुने 20 लाख टिकवायचे तर ग्राहकांकडून 23 लाख 60 हजार यावे लागतात. मार्चमध्ये अनेक छोटे व्यावसायिक नवी कामे एप्रिलवर ढकलतात, त्यामागे हे गणित असते, आळस नव्हे.

शेवटी मूळ दर सर्वांसाठी एकच, शब्दामागे दोन रुपये, असा ठेवण्यात आला आणि कंपन्यांना कर वेगळा लावला गेला. दाखल्यांसाठी मात्र मूळ दराला धक्का न लावता करासह पूर्णांकातील रक्कम ठरवून तीच सांगण्यात येऊ लागली, कारण काउंटरवर आकडा वाढताना पाहणे कुणालाच रुचत नाही. प्रकाशकांशी चालू करार संपेपर्यंत कराचा काही भाग सोसण्याचे ठरले, म्हणजे बिल नियमाप्रमाणे पूर्ण करासह, पण मूळ रक्कम तेवढी कमी. नव्या करारात ही सूट उरली नाही, आणि एका प्रकाशकाचे काम त्यामुळे गेले.

दरात न दिसणारी आणखी एक बाब उधारीची. मासिक विवरणपत्र भरणाऱ्याला बिल केलेल्या महिन्याचा कर पुढील महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरावा लागतो, मग ग्राहकाचे पैसे तीन महिन्यांनी येवोत. त्यामुळे मोठ्या कामांत निम्मी रक्कम आगाऊ घेण्याची अट घालण्यात आली. सेवांच्या बाबतीत आगाऊ रकमेवरही कर लागतो खरा, पण तेव्हा निदान तो भरण्यासाठी पैसे हातात असतात.