रावांचं पेन

मुलांनो, शाईचं पेन कधी हातात धरलंय का? पुष्कळांनी नसेल धरलं. दहा रुपयांचं बॉलपेन, ते संपलं की दुसरं, असा आपला सगळ्यांचा कारभार. पण घरी आईबाबांना किंवा आजोबांना विचारून बघा. दौतीतून ड्रॉपरने पेन भरणं, वहीवर शाईचा थेंब पडला की खडू टेकवून तो टिपून घेणं, आणि बरबटलेली बोटं खुशाल डोक्याच्या केसांना पुसणं! यातलं काही ना काही त्यांना नक्की आठवेल.

असं एक जुनं पेन घ्यावं की घेऊ नये, या विचारात मी मध्यंतरी चांगले आठ दिवस घालवले. गोष्ट आमच्या सोनपेठचीच आहे. इथं तांब्या-पितळेची जुनी भांडी घेणारे-विकणारे एक चाचा आहेत. शाळेसाठी पितळेची घंटा मिळते का, ते बघायला मी त्यांच्याकडे गेलो होतो. घंटा काही मिळाली नाही. पण एका तांब्यात चमचे, किल्ल्या, अडकित्ता असं काहीबाही होतं, त्यातच एक जाडजूड पेन उभं होतं.

“बघा तर खरं, गुरुजी,” चाचा म्हणाले. “जुन्या वाड्यातल्या पेटीतून निघालंय. निब सोन्याची आहे. तुमच्यासाठी साडेतीनशे.”

साडेतीनशे म्हणजे पस्तीस बॉलपेनं! मी गणित शिकवणारा माणूस, असले हिशेब मनात आपोआप होतात. शिवाय ते चालेल याची खात्री काय?

पेनाचा रंग धड काळा नव्हता, शेवाळी-तपकिरी झाला होता. अंगठ्याने जोरात घासून वास घेतला, तर जळक्या रबरासारखा वास आला. म्हणजे पेन एबोनाइटचं. रबरात भरपूर गंधक मिसळून, ते तापवून हा कडक पदार्थ करतात. वर्षानुवर्षं उजेड आणि दमट हवा लागली की त्याचा काळा रंग असा विटतो. निबेवर कॅरेटचा आकडा नव्हता आणि कडेला पिवळा रंग जाऊन पांढरं पोलाद दिसत होतं. “चाचा, हे सोनं नाही, सोन्याचं पाणी आहे,” मी म्हणालो. चाचा हसले. “बरं, मग तीनशे द्या.”

आणि बरं का, खऱ्या सोन्याच्या निबेचं टोकही सोन्याचं नसतं. सोनं मऊ, कागदावर घासून झिजून जाईल. म्हणून टोकाला अतिशय कठीण धातूचा बारीक मणी जोडतात.

मग मला नाव दिसलं. पूर्वी नवं पेन घेतलं की त्यावर आपलं नाव कोरून घ्यायची पद्धत होती. या पेनावरचं नाव हाताळून हाताळून पुसट झालं होतं. शेवटची दोनच अक्षरं वाचता येत होती, ‘राव’. आता आमच्याकडे राव म्हटलं तर कोणते राव? जुन्या पिढीतल्या दर दुसऱ्या माणसाच्या नावामागे राव! चाचांनाही काही सांगता येईना. “हैदराबादेहून आणलेलं असणार,” एवढंच ते म्हणाले. असेलही. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपला परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानातच होता. कोर्टकचेरी, वरचं शिक्षण, सगळ्याला लोक तिकडे जात. हैदराबादेत 1928 साली सुरू झालेलं डेक्कन पेन स्टोअर्स हे दुकान पेनांसाठी प्रसिद्धच आहे. त्या काळात आपल्या देशातही पेनं बनू लागली होती. आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी बनवलेलं पेन गांधीजींनी वापरलं आणि 1935 साली वर्ध्याहून पत्र लिहून त्यांचे आभार मानले. शाई तर आपल्या मुंबईत बनत होती. दांडेकरांची कॅम्लिन कंपनी 1931 ची.

हे सगळं खरं, पण पेन लिहीत नसेल तर तीनशे रुपये कशाचे द्यायचे? मी घरी आलो. आठ दिवस ते पेन डोक्यात घोळत होतं. शेवटी शाईची बाटली खिशात घालून पुन्हा गेलो आणि चाचांची परवानगी घेऊन नुसती निब शाईत बुडवून चार ओळी लिहून पाहिल्या. जुनं पेन घेण्याआधी एवढी परीक्षा करावीच. निब चिरलेली नाही ना, तिची दोन्ही पाती समोरासमोर आहेत ना, ते लगेच कळतं.

निब कागदावर करकरली. मी नाराज झालो. पण सहज पेन बोटांत थोडं डावीकडे फिरवलं आणि काय सांगू, अक्षर लोण्यासारखं उमटायला लागलं! टोक भिंगाखाली धरलं तेव्हा कारण कळलं. त्याची एक बाजू तिरपी झिजलेली होती. एकाच माणसाने एकाच पद्धतीने बरीच वर्षं लिहिलं की निब त्याच्या हाताप्रमाणे झिजते. म्हणजे हे राव पेन जरा कलतं धरत असणार. नाव पुसलं गेलं होतं, पण त्यांचा हात निबेत शिल्लक होता. मी तीनशे रुपये काढून दिले.

घरी आल्यावर साफसफाई. पेन उघडून साध्या, गार पाण्यात ठेवलं. एबोनाइटला गरम पाणी चालत नाही, रंग आणखी विटतो. रात्रभरात पाणी निळंशार झालं! तीन वेळा पाणी बदललं. मग निब आणि तिच्याखालची जीभ हलक्या हाताने ओढून काढली. ही जीभ म्हणजे पेनाचा खरा जीव. पाण्याने भरलेली बाटली एकदम उलटी करून बघा. पाणी गटगट करत पडतं, कारण जेवढं पाणी बाहेर येतं तेवढी हवा आत जावी लागते. पेनात असं गटगट झालं तर वहीचं तळं होईल. जिभेच्या बारीक खाचेतून शाई खाली सरकते आणि हवा वर जाते, दोन्ही कामं एकाच वेळी. दिव्याची वात तेल ओढते ना, तशीच ती खाच शाई धरून ठेवते. अमेरिकेतल्या वॉटरमन यांनी 1884 साली अशा जिभेचं पेटंट घेतलं. माझ्या पेनाच्या खाचेत सुकलेली शाई घट्ट बसली होती. जुन्या, मऊ टूथब्रशने ती काढली. आट्यांना किंचित सिलिकॉन ग्रीस लावलं, म्हणजे शाई झिरपत नाही.

ओळखीच्या एका पेनवेड्या मित्राने पेन पाहिलं आणि म्हणाला, “पॉलिश कर, कोऱ्यासारखं काळं होईल. निबही घासून सरळ करून देतो.” सल्ला चुकीचा नव्हता. पण पॉलिश म्हणजे वरचा थर घासून काढणं. त्यात उरलेला ‘राव’ गेला असता, आणि निब घासल्यावर तो कलता हातही गेला असता. मग माझ्याकडे एक चकचकीत जुनं पेन उरलं असतं. तसलं कुठेही मिळतं. मी दोन्हीला नाही म्हटलं.

आता त्याच पेनाने लिहितो. पहिल्या आठवड्यात हात सारखा आपल्या सवयीवर जायचा आणि निब करकरायची. आता बोटं आपोआप कलतात. शाई मात्र अर्ध्यावर आली की लगेच भरतो. कारण शाई कमी म्हणजे आत हवा जास्त. हाताच्या उबेने ती हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते, मग पडलाच थेंब! खडू हाताशी असतोच म्हणा.

क्लिप अजून गंजलेलीच आहे. ती बदलायची की नाही, ते ठरलेलं नाही. तोवर पेन खिशाला न लावता कंपासपेटीत ठेवतो.