कांजूरची खारभूमि आणि मेंढ्याचें रान

कांजूरमार्ग स्थानकांत उतरणारे पुष्कळ प्रवासी पश्चिमेकडे, पवईच्या वाटेस लागतात. वाचकांनीं एकदां मुद्दाम पूर्वेकडे वळावें. कांजूर गांवाची वस्ती मागें टाकून द्रुतगति महामार्ग ओलांडला कीं मिठागरांची सपाट भूमि, तिच्या पलीकडे तिवरांचें दाट रान आणि त्याच्याही पलीकडे ठाण्याची खाडी लागते. हिवाळ्यांत खाडीवर रोहित पक्ष्यांचे थवेच्या थवे उतरतात. २०१५ सालीं खाडीचा मोठा भाग त्यांच्याकरितां अभयारण्य ठरला. पण वारा फिरला कीं नाकास पदर लावावा लागतो. कारण मुंबईच्या कचऱ्याचा फार मोठा भाग याच खारभूमीवर येऊन पडतो.

या भूमीवरून वाद तरी किती व्हावे! २०२० सालीं राज्य सरकारनें मेट्रोची कारशेड येथें आणण्याचें ठरविलें. केंद्र सरकारच्या मीठ खात्यानें जमिनीवर आपला हक्क सांगितला, आणि डिसेंबरांत उच्च न्यायालयानें काम थांबविलें. २०२५ सालीं त्याच न्यायालयानें कचराभूमीपैकीं सुमारें १२० हेक्टर जागा संरक्षित वन असल्याचा निर्णय दिला; पुढें सर्वोच्च न्यायालयानें त्यास स्थगिति दिली. या साऱ्या प्रकरणांत भूमि कोणाची, हा प्रश्न पुनःपुन्हां निघाला. तिची निगा कोणी व कशी राखावी, हा मागेंच राहिला. आसपासचे रहिवासी पुढें आले ते तक्रारदार म्हणून. योजना आंखणारे म्हणून नव्हेत.

लोकांना हें काम झेपेल काय, अशी शंका ज्यांस येईल त्यांनीं गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा हें लहानसें गोंड गांव पाहावें. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें २००९ सालीं या गांवास सुमारें १,८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. पण खरी तयारी त्याच्या कितीतरी आधींची. देवाजी तोफा यांच्यासारखे ग्रामस्थ व मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरून आलेले अभ्यासक एकत्र बसून अभ्यासगट चालवीत. माहिती तेथें पारखली जाई आणि निर्णय ग्रामसभेंत, स्त्रीपुरुष सर्वांच्या संमतीनें होई, बहुमतानें नव्हे. वणवा कसा रोखावा, बांबू किती तोडावा, हें ज्यांना त्या रानांत रोज जावें लागतें तेच ठरवूं लागले. कायद्यानेंही रानाच्या रक्षणाचा आराखडा करण्याचें काम ग्रामसभेच्या समितीकडेच सोंपविलें आहे.

मुंबई म्हणजे मेंढा नव्हे, हें खरें. येथें ग्रामसभा नाहीं, आणि शेजाऱ्याचें नांवही पुष्कळांस ठाऊक नसतें. तथापि कांजूरहून जवळच असलेल्या घाटकोपरच्या जोशी गल्लींतील रहिवाशांनीं गेल्या शतकाच्या अखेरीस आपल्या कचऱ्याची व्यवस्था स्वतः हातीं घेतली. महापालिकेच्या स्थानिक समित्यांच्या योजनेचा उगम तेथलाच. तेव्हां शहरवासीयांस हें अशक्य आहे असें म्हणतां येत नाहीं.

खाडींत जाळें टाकणारा कोळी, दुर्गंधीनें खिडक्या लावून बसणारी गृहिणी आणि पक्ष्यांची नोंद ठेवणारा विद्यार्थी यांस आराखडा होण्यापूर्वीं एकत्र बसवावें. झाल्यावर केवळ हरकती मागवूं नयेत. आपणही आपल्या स्वयंपाकघरांतील ओला व सुका कचरा वेगळा ठेवावा. कांजूरच्या भूमीवर पडणारा तेवढा भार तरी आपल्याच हातीं आहे.